नानांचा रस आणि राहुलचा काळा पाव

३ जाने.
राहुलचा मित्र जर्मनीहून आला, काळ्या पावाची पाकिटं देऊन गेला. राय नावाच्या धान्याचा पाव म्हणे. वीट बरी! लगेच तिकडून राहुलचा, माझ्या भावाचा, व्हिडिओ कॉल. "ताई, ह्याने नानांची शुगर हळू चढेल, पोटही भरेल. आधी तो मोसंबीचा रस बंद कर." तिकडे बसून सांगायला काय जातं? नानांच्या पायाच्या अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरत नाहीये. धुते मी.

५ जाने.
नानांनी पाव हुंगला, बाजूला सारला. "आंबट शे. आपली जवारी-उडीदनी कळण्यानी भाकर काय वाईट व्हती?" दीपनगरला वीजकेंद्राच्या नोकरीत जन्मभर साहेबी मराठी बोलले, आजारपणात पुन्हा अहिराणी. मी पाकीट वाचून दाखवलं. पावात चोथा भरपूर. रसातला आपण गाळून टाकतो, उरतं साखरपाणी.
"मंग मोसंबीमा साखर कोन टाकस?"
कपाळ माझं.

८ जाने.
धरणगावहून अक्काआत्या. नानांची थोरली बहीण, तिच्यापुढे ते अजून मान वर करत नाहीत. सोबत थर्मासभर रस. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही आणि पेला रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हटलं, आत्या, डॉ. नको म्हणालेत.
"फळना रस शे बाई, त्यामा कसानी साखर? पी ले रे भाऊ, बठ्ठा."
सगळा प्यायले. माझ्याकडे न बघता.

११ जाने.
आत्या रोज येते, पुतण्याकडे मुक्काम ठोकलाय. शुगर वाढलेली. पण पाव संपत आलाय! राहुलला कळवलं, खातायत. तो खूश, मीही.

१२ जाने.
खुशी एका दिवसाची. चहा घेऊन गेले तर नाना पावाचे तुकडे रसात बुडवून, चांगलं खिमट करून खात होते. ओरडलेच मी.
"पोरनं मन बी राह्यनं, बहीननं बी."
चेहरा असा, की केवढा मोठा गुंता सोडवलाय. आधी हसले. मग मोरीत जाऊन रडले.

१६ जाने.
अंगठा काळा पडला. ॲडमिट. कापायचा की थांबायचं, ते डॉ. उद्या सांगणार. "खायला काय देता?" त्यांनी विचारलं. पावाचं सांगितलं. रसाचं सांगणार तोच नानांनी माझा हात दाबला. आत्या दारातच उभी होती. का गप्प बसले मी? चीड येते स्वतःची.

१७ जाने., दवाखाना
डॉ. अजून यायचेत. राहुलचा फोन, "पाव देतेस ना?" हो म्हटलं.
आत्या सकाळीच हजर. डोळे सुजलेले. "कापतीन म्हनतस. मंग अंगमा ताकद नको का?" हिच्यावर चिडू तरी कशी? जीव आहे तिचा भावावर. आज पेला भरून माझ्याच हातात दिला. "तू दे बाई. तुना हातना पिई तो."
पेला खिडकीत ठेवलाय, वर ताटली. लिहायचं निमित्त काढून बसलेय. नाना पेल्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
आत्या विचारतेय, "व्हयनं का वं तुनं लिखानं?"