समुद्र शेवटच्या तासाला

२ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
अखेर ठरलं. आईला समुद्र दाखवायचा. नुसता समुद्र नाही, समुद्रकाठचा अख्खा देश. किल्ला, पडकी देवळं, म्युझियम, जुना बाजार. हवा स्वच्छ, ऊन बाराही महिने. आई एकोणऐंशीची, सगळा जन्म डोंगराआड गेला. उजवा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला. डावा दर महिन्याच्या इंजेक्शनवर चालू आहे. परवा जेवताना म्हणाली, "मला एकदा समुद्र दाखव रे. डोळा आहे तोवर."

सत्तावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवलेल्या मुलाकडे मागितलं. म्हणजे योग्य खिडकीवर अर्ज केला. मीही समुद्र पाहिलेला नाही, पण ते महत्त्वाचं नाही. विषय आईचा आहे.

संकल्प: चिडायचं नाही. हिच्याशी वाद घालायचा नाही. आईसाठी सगळं.

५ मार्च, बुधवार. दुपारी १
डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. इंजेक्शनची तारीख सात. निघायचं नऊला. इंजेक्शननंतर आईचा डोळा दोन-तीन दिवस लालभडक असतो, म्हणजे सगळे फोटो खराब. मी सुचवलं, परत आल्यावर अठराला देऊ. डॉक्टर कुरकुरले. तारीख चुकवू नका म्हणाले. अकरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय? डॉक्टर लोकांना प्लॅनिंग कळत नाही.

त्यांनी एक चौकटींचा कागद दिला. आईनं रोज सकाळी तो डोळ्यासमोर धरायचा. सरळ रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा.

संध्याकाळी ५
कागद फारच उत्तम निघाला. जाड, चौकटी आयत्या आखलेल्या. सगळं वेळापत्रक त्यावर बसलं. लाल शाईनं किल्ले, हिरव्यानं जेवण, निळ्यानं समुद्र. हिनं विचारलं, मग आईंनी रोज काय बघायचं? मी म्हटलं, देश बघायचा.

१० मार्च, सोमवार. रात्री ८
पोचलो. विमानात आईला खिडकी दिली होती, पण उतरताना मीच झडप खाली ओढली. खाली समुद्र होता म्हणे. आत्ताच दिसला तर मजा काय राहिली?

तत्त्व लिहून ठेवतो. शाळेत मी खेळाचा तास नेहमी शेवटी ठेवायचो. आधी दिला की पोरं घरी पळतात, गणिताला कोण बसणार? समुद्र म्हणजे खेळाचा तास. रविवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी चारला. तोवर बाकीचे विषय.

हॉटेलनं अगदी समुद्रासमोरची खोली दिली. अक्कल नाही. खाली जाऊन बदलून घेतली. आता खिडकीतून लाँड्री दिसते, वाळत घातलेल्या चादरी. आईनं विचारलं, हा घूंऽ घूंऽ आवाज कसला? मी म्हटलं, वॉशिंग मशीन. आई म्हणाली, बराच वेळ चालतं रे. ही बाथरूममध्ये गेली आणि लवकर बाहेर आली नाही.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६
किल्ला. ड्रायव्हर काठाकाठानं न्यायला निघाला होता. त्याला आतल्या रस्त्यानं घ्यायला लावलं. दोन तास जास्त लागले, आई गाडीत दोनदा ओकली. पण सरप्राइज शाबूत.

माथ्यावरून समुद्र दिसतो असं प्रवासाच्या पुस्तकात आहे. म्हणून माथा कॅन्सल. आईला खाली धान्याचं कोठार दाखवलं. वेळ उरला म्हणून परत एकदा दाखवलं. आई म्हणाली, धान्य तर नाहीच कुठं. वर गेलेले लोक खाली येताना फार खूश दिसत होते. वरवरचे पर्यटक.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १२.४०
पडकं देऊळ. चोवीस खांब. आईनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, सगळे खांब वाकडे दिसतायत, मधूनच नागमोडी झालेत. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." शेजारच्या कुणाला भाषा कळली नाही म्हणून, नाहीतर हशा पिकला असता. विनोद छान जमला. आई हसली नाही, दमली असावी.

रात्री ८.१५
हिनं डोकं खाल्लं. डॉक्टरांना आत्ता फोन करा. आणि आईंना उद्या पहाटे समुद्रावर न्या, चालत पाच मिनिटांवर आहे. मी शांतपणे समजावलं. उद्या गुरुवार, म्युझियम. एक तास हलवला की सगळं वेळापत्रक ढासळतं. एकदा एक चित्रकला हलवली तर तीन शिक्षक एका वर्गात आले होते. हिनं मला काहीतरी म्हटलं, ते इथं लिहीत नाही. मी चिडलो नाही. फक्त आवाज चढला होता. आई आतून म्हणाली, भांडू नका रे, रविवार काय लांब आहे?

बघा. जिच्यासाठी चाललंय तिला कळतं.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी २
म्युझियम. आईत आश्चर्यकारक बदल. कालपर्यंत कंटाळायची. आज प्रत्येक भिंतीला हात लावून बघत होती, दगडावरून बोटं फिरवत होती. पहारेकरी ओरडला. इतिहासाची गोडी ही अशी लागते. पाट्याही मला मोठ्यानं वाचायला लावल्या. माझं वाचन तिला लहानपणापासून आवडतं.

नाश्त्याला मात्र चहा कपाच्या बाहेर ओतला. वय.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७
जुना बाजार. सासू-सुना हातात हात घालून चालत होत्या. सगळा दिवस. एकोणतीस वर्षांत असं पाहिलं नाही. घरी एकमेकींचा पदर लागला तरी बाजूला सरणाऱ्या बायका. प्रवासानं माणसं जवळ येतात ती ही अशी, आणि प्रवास कुणी आखला?

हिचे डोळे सुजलेत. ऊन फार आहे.

१५ मार्च, शनिवार. रात्री ७.३०
दोन चर्च, एक तुरुंग. आईला सगळे फोटो मोबाइलवर दाखवले. प्रत्येकाला छान म्हणाली. मध्ये एकदा चुकून मोबाइल उलटा धरला होता, तेव्हाही छान म्हणाली. इतकी समाधानी मी तिला कधी पाहिली नव्हती. उद्याच्या विचारानं मला आज जेवण गेलं नाही.

१६ मार्च, रविवार. दुपारी ३.५०
व्ह्यूपॉइंटला जातोय. वाळूबिळू नको. पुस्तकात पहिल्या नंबरचा हा कडा आहे, चारशे फूट उंच. खालचा आवाजसुद्धा वर येत नाही, इतका उंच. समोर नुसता समुद्र, मागे बसगाड्यांचं पार्किंग. आईला सांगितलं, वळण आलं की डोळे मीट, मी सांगेन तेव्हाच उघड. आई म्हणाली, मिटायचे कशाला, आहेत तसे असू देत. उतावीळ झालीय.

४.२५
झालं! कठड्याजवळ आईला उभं केलं. मी मोबाइल घेऊन मागे पळत गेलो, आई आणि समुद्र दोन्ही यायला हवेत म्हणून. तीन, दोन, एक म्हटलं. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "केवढा रे! निळाशार." चेहऱ्यावर काय आनंद! माझे डोळे भरून आले. सगळं व्हिडिओत आलंय. सत्तावीस वर्षांतलं सर्वोत्तम वेळापत्रक. हिला म्हटलं, बघ. हिनं बघितलं नाही. काहींना दुसऱ्याचं यश सोसत नाही.

५.३०
हॉटेल. व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्या तीन वेळा लक्षात आलं नाही.

मी तीन म्हटल्याबरोबर आई माझ्या आवाजाकडे वळली. पूर्ण पाठ फिरवली. मग डोळे उघडले. मग म्हणाली निळाशार. समोर मी, आणि माझ्यामागे पांढऱ्या बसगाड्या. पुढे सव्वा मिनिट तिनं एकदाही मान वळवली नाही. मी आनंदानं ओरडतोय, ती आवाजाच्या दिशेनं हसतेय.

हिला विचारलं. हिनं सांगितलं, गुरुवारी सकाळी उठल्या तेव्हाच काही दिसत नव्हतं. कडेचा थोडा उजेड कळतो, बाकी सगळं काळं. आईंनी मला शपथ घातली, त्याला सांगायचं नाही म्हणून. म्हणाल्या, त्याचा प्रोग्रॅम बिघडेल.

म्हणजे बुधवारी दिसत होतं.

६.१०
डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी पहिलं विचारलं, रेघा वाकड्या कधी दिसल्या? मी म्हटलं, रेघा नाही, खांब. बुधवारी. ते म्हणाले, उतरल्यावर थेट इकडे आणा, पण गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. मला चौकटीच्या कागदाबद्दल विचारलं. आहे म्हटलं, जपून ठेवलाय.

६.५०
आईजवळ जाऊन बसलो. पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं ते सोडून विचारलं, की दिसत नव्हतं तर निळाशार का म्हणालीस. आई म्हणाली, "इतके दिवस लपवून ठेवला होतास. नाही दिसला म्हटलं असतं तर तुझा चेहरा उतरला असता. उतरलेला मला दिसला नसता, पण कळला असता."

मग तिनंच माझा हात चाचपून धरला. म्हणाली, "बरं, आता तू सांग. कसा होता?"

मी सुरुवात केली. मोठा होता म्हटलं. निळा म्हटलं. दोन्ही तिनं आधीच म्हटलेलं. पुढे आठवायला लागलो. कठड्याजवळ गेलो तेव्हा घड्याळ बघत होतो. मग पळत मागे गेलो. मग मोबाइलमध्ये आईच्या खांद्यामागे बोटाएवढी निळी पट्टी होती, ती सरळ येते की नाही तेवढं बघत होतो. मग निघालो, कारण साडेचारला गाडी सांगितली होती.

आई कान देऊन बसलीय. मी हिच्याकडे बघितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली.