फक्त जागे पेशंट

६ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, तेव्हा थापा मारण्यात अर्थ नाही.
थकलोय. कामाने नाही, तेच तेच काम करून. आम्ही डेटाबेसशी थेट बोलत नाही. मध्ये डेटा कॉन्टेक्स्ट नावाचा दुभाषा असतो आणि त्याला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. पेशंट आण, बंद झालेले वगळ, नावाने लाव. हीच टकळी प्रोग्रॅमभर पन्नास ठिकाणी.
ठरवलं. या दुभाष्याला माझ्या स्वतःच्या मेथड्स, म्हणजे एका शब्दाचे तयार हुकूम, शिकवायच्या. एक्स्टेन्शन मेथड्स. म्हणजे दुसऱ्याने शिवलेला शर्ट न उसवता त्याला आपला खिसा लावायचा. एकदा कष्ट, मग आयुष्यभर आराम. महिन्याभरात रोज सहाला घरी.
बाबांच्या मोतीबिंदूचं तेव्हाच निवांत बघू.

७ फेब्रुवारी
मॅडमना कल्पना सांगितली. मॅडम म्हणजे आमच्या टीम लीड. माझ्याहून वयाने लहान आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. म्हणाल्या, करा, पण छोटं ठेवा, उद्या नवीन माणूस आला तर त्याला वाचून कळलं पाहिजे. मी मान डोलावली.
त्यांना आवाका कळलेला नाही.

१२ फेब्रुवारी
पहिली मेथड झाली. तीन ओळींची एक ओळ. दुपार तिला नाव देण्यात गेली.
घरी बाबा शब्दकोडं घेऊन बसलेले. छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली या माणसाने. अजूनही कुठलाही छापील मजकूर हातात आला की आधी तळाची बारीक अक्षरं वाचायला जातात. सवय. आता पेपर नाकाला टेकवला तरी चौकोन दिसत नाहीत. म्हणाले, आडवे चार काय आहे, वाच रे जरा. मी म्हणालो, उद्या नक्की.
ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

२० फेब्रुवारी
आमचा क्लायंट म्हणजे डोळ्यांचं हॉस्पिटल. त्यांची तक्रार आली की काउंटरवरचा स्क्रीन उघडेपर्यंत पेशंट कंटाळतात. काम माझ्या गळ्यात.
बाबांचं नावही त्याच हॉस्पिटलात आहे. गेल्या मेमध्ये तपासून घातलंय. सॉफ्टवेअर आमचं आहे हे घरी सांगितलेलं नाही. सांगितलं की लगेच म्हणतील, नंबर पुढे घे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२१ फेब्रुवारी
बाबांची उद्याची तारीख होती. हॉस्पिटलला फोन करून पुढची घेतली. ऐन कामात सुटी कशी टाकणार? काउंटरवरची बाई म्हणाली, परत का? मी म्हणालो, पेशंटची तब्येत जरा नरम आहे.
बाबा आत मजेत चहा ओतत होते. बशीत कमी, टेबलावर जास्त.

५ मार्च
घोडं कुठे अडलंय ते सापडलं! स्क्रीन सगळ्यांना आणतो. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या लोकांनाही. मेलेले, गाव सोडलेले, दुसरा डॉक्टर धरलेले, सगळे.
उपाय: नवी एक्स्टेन्शन मेथड, नाव ओन्लीॲक्टिव्ह, म्हणजे फक्त जागे. वर्षभरात जो स्वतः हॉस्पिटलात आला तो जागा. नाही आला तो झोपलेला. झोपलेल्यांना डेटा कॉन्टेक्स्ट दारातच अडवणार. कोणाला काही लिहायला नको, विचारायला नको. आपोआप.
संकल्प: उद्यापासून चालायला जाणे.

९ मार्च
चालायला गेलो नाही. बुटाची नाडी तुटली.
ओन्लीॲक्टिव्हवरून तीन मेथड्स जन्मल्या. एक तिला बोलावते, दुसरी या दोघींना, तिसरी कशाला लिहिली ते आठवत नाही, पण काढली की प्रोग्रॅम पडतो. असू दे.

१४ मार्च
आमच्या टेस्टरचं नाव मी शंकासुर ठेवलंय. आज जेवताना फाटे फोडत बसला. म्हणाला, जो पेशंट आला नाही पण फोन करून तारीख पुढे ढकलतोय, तो तुमच्या हिशेबाने जागा की झोपलेला? मी विचारलं, वर्षभर ऑपरेशन पुढे ढकलणारा माणूस खरंच येणार आहे असं तुला वाटतं का? असल्यांना यायचंच नसतं. झोपलेला!
तो म्हणाला, लिहून ठेवतो. ठेव बाबा.
मॅडमचंही तेच तुणतुणं. म्हणाल्या, असं लपवणं मेथडच्या पोटात नको, प्रत्येक स्क्रीनवर उघड लिहा, दिसू द्या. मी म्हणालो, मग मेथडचा उपयोग काय? त्या उठून गेल्या. पटलं असणार.

२ एप्रिल
बाबा दाराच्या पायरीवरून घसरले. लागलं नाही. म्हणाले, पायरी नेहमीपेक्षा खाली गेलीय. हसले. ही हसली नाही. मला म्हणाली, आता तारीख मोडलीस तर मी तुला न विचारता घेऊन जाईन त्यांना. मी म्हणालो, मीच नेणार, माझे वडील आहेत.
आवाज जरा चढला. थकव्याचा परिणाम.

१७ एप्रिल
उद्या क्लायंटला डेमो, आणि बाबांची तारीखही नेमकी उद्याच. हॉस्पिटलला फोन केला. ९ जून मिळाली. ही शेवटची. घरी सांगितलं की हॉस्पिटलनेच बदलली. बाबा म्हणाले, डॉक्टर लोकांना काय कमी कामं असतात का, थांबू की. हिने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरत राहिली.

१८ एप्रिल
डेमो फक्कड. स्क्रीन चुटकीसरशी उघडतो! क्लायंट खूश. मॅडमनी बरं झालं इतकंच म्हटलं. मनाचा मोठेपणा सगळ्यांकडे नसतो.
कौतुक कोणी करत नाही तर आपणच करावं. स्क्रीनच्या तळाला जिथे कंपनीचं नाव येतं, तिथे बारीक अक्षरात माझं नाव घातलं. पुढे 'रचनाकार'. आडनावासकट. शोभून दिसतं.

२ मे
माझ्या मेथड्सची फाइल आता बाकीच्या प्रोग्रॅमएवढी झाली आहे. काल मॅडमनी एक मेथड समजावून सांगा म्हटलं. तिची खासियतच ही आहे की ती समजून घ्यायची गरज नाही, असं मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. थकलेल्या दिसतात हल्ली.

२५ मे
नवीन आवृत्ती हॉस्पिटलात चालू झाली. एकही तक्रार नाही.
सहाला घरी येणं मात्र अजून जमलेलं नाही. मेथड्सना बघावं लागतं. बाबांना आडवे चार वाचून दाखवायचं राहिलंय. ते कोडंच आता रद्दीत गेलं असेल.

४ जून
हॉस्पिटलकडून दोन तक्रारी. काही जुने पेशंट सापडत नाहीत म्हणे. मी उत्तर पाठवलं की नाव टाइप करताना काळजी घ्यावी.

८ जून
सुटी टाकली! मॅडमना वाटलं मी आजारी आहे. ही बाबांच्या डोळ्यांत सांगितलेल्या वेळी थेंब घालतेय. बाबांनी दाढी केली, उद्याचा शर्ट आजच काढून ठेवला. म्हणाले, पट्टी निघाली की आधी अख्खं कोडं सोडवीन, तुमची कोणाची गरज नाही. लहान पोरासारखे खूश आहेत.
मीही. उद्या माझी मेथड प्रत्यक्ष लोकांत काम करताना बघायला मिळणार.

९ जून, सकाळी, हॉस्पिटल
स्क्रीन क्षणात उघडला. ऊर भरून आला. काउंटरवरच्या बाईने बाबांचं नाव टाइप केलं. नाही म्हणाली.
मी म्हणालो, नीट टाइप करा. तिने केलं. नाही. आडनाव आधी घेतलं. नाही. फाइलवरचा नंबर टाकला. या नंबरचं कोणी नाहीच म्हणाली. मग माझा तोल सुटला. सगळ्या रांगेसमोर सुनावलं की कॉम्प्युटर कधी चुकत नाही, चुकतात ती माणसं, आणि तुम्ही लोक पाट्या टाकता. मागचे एक आजोबा म्हणाले, सोमवारी आमच्या व्याह्यांचंही असंच झालं, तेही नव्हते.
बाई रडवेली झाली. बाबा खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ज्या बाजूने माझा आवाज येत होता तिकडे बघत होते.
आणि तेव्हा ट्यूब पेटली. बाबा इथे स्वतः शेवटचे आले ते गेल्या वर्षीच्या मेमध्ये, वर्ष उलटून गेलं. नंतर आले ते फक्त माझे फोन.

९ जून, दुपार
कोपऱ्यात जाऊन ऑफिसला फोन केला. शंकासुराने उचलला. ओन्लीॲक्टिव्ह ताबडतोब बंद कर म्हटलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत होईल, पण झालं काय? एक पेशंट झोपलेल्यांत गेलाय म्हणालो. त्याने विचारलं, फोन करून तारीख ढकलणाऱ्यांपैकी का? मी फोन ठेवला.
आजच्या ऑपरेशनांची नावं त्याच स्क्रीनवरून सकाळी आत गेली होती, त्यात बाबा नव्हते. डॉक्टर निघून गेले. नाव नव्याने घातलं, रांगेच्या शेवटी. तारीख सप्टेंबरची. बाईने माझी माफी मागितली. माझी! मी असू दे म्हणालो.
पायऱ्या उतरताना बाबांनी माझं कोपर धरलं. म्हणाले, त्या पोरीला उगाच बोललास, तिची काय चूक? थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, हे लोक कुठल्या तरी अर्धवटाकडून प्रोग्रॅम करून घेतात. तुझ्यासारख्याला विचारायला काय झालं होतं यांना?
मी म्हणालो, पायरी आहे बाबा, सांभाळून.

१० जून
मेथड काढली. पन्नास ठिकाणी परत त्याच ओळी हाताने लिहितोय. पेशंट आण, बंद झालेले वगळ, नावाने लाव. मॅडमना सगळं सांगितलं, वडिलांसकट. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, कसे आहेत ते?
जाता जाता स्क्रीनच्या तळाचं माझं नावही काढतो म्हणालो. ते तिथे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. वाकून वाचलं त्यांनी. म्हणाल्या, ते राहू द्या. काम कोणाचं आहे ते हॉस्पिटलला कळलेलं बरं.

११ जून
सहाला घरी. कोडं मोठ्याने वाचलं. आडवी सगळी बाबांनी सोडवली, उभं एक मी.
हिला खरं सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. मग एवढंच म्हणाली की बाबांना तू सांगायचंस, मी नाही. सांगणार आहे. योग्य वेळ बघतोय.
तशी वेळ ठरलेलीच आहे म्हणा. ऑपरेशननंतर पट्टी काढून तपासणीला त्याच काउंटरवर जायचं असतं. तोच स्क्रीन पेशंटकडे तोंड करूनही लावलाय, लोकांना दिसावं म्हणून. आणि बाबा वाचायला सुरुवात तळापासून करतात.
क्षणभर वाटलं, सप्टेंबरची तारीख फोन करून जरा पुढे घ्यावी. मग उठलो आणि हॉस्पिटलचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला. तो हिला पाठ आहे.