टॅनरच्या नावाची धाव बंद करण्याबाबत

प्रति,
मा. श्री. गार्लंड व्होस,
अधीक्षक, टेन्सली शाळा विभाग,
टेन्सली, पश्चिम टेक्सस.

विषय : सोमवारपासून सुरू होणाऱ्या फुटबॉल सरावातील 'टॅनर प्रूइट स्मृती धाव' कायमची बंद करण्याबाबत व माझा धाकटा मुलगा वेस यास तीतून वगळण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज आणि त्यांवर आलेली आपली दोन आभारपत्रे.

महोदय,

१. मी खाली सही करणार नोरीन प्रूइट, राहणार टेन्सली, गुरांच्या लिलावाच्या आवारातले कॅन्टीन चालवते. माझा थोरला मुलगा टॅनर आपल्या हायस्कूलच्या संघात होता. चार वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या सरावाच्या पहिल्याच दिवशी तो उष्माघाताने गेला. आपण अंत्यविधीला आला होतात. माझा हात हातात घेऊन, काही लागलं तर नि:संकोच सांगा, असे म्हणाला होतात. त्या शब्दावर विसंबून हा तिसरा अर्ज करीत आहे.

२. टॅनर काय खेळत असे हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु आपल्या कार्यालयात अर्जांवर शेरा मारणाऱ्या नव्या बाई बाहेरगावच्या आहेत असे समजते, म्हणून लिहिते. टॅनर चेंडू घेऊन पळणाऱ्यांतला नव्हता. तो पुढच्या रांगेतला गडी होता. रांगेतल्या मुलाने चेंडू हलताक्षणी समोरच्याच्या आधी उठायचे असते. पहिले पाऊल वीतभरच टाकायचे, लांब टाकले की तोल गेला. हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने लावायचे, कंबर खाली ठेवायची आणि त्याला मागे रेटायचे. जो खाली राहिला तो जिंकला. चार-पाच सेकंदांत सगळा निकाल लागतो, मग दम खायचा आणि पुन्हा वाकायचे. माझा नवरा डेल याने परसात कमरेच्या उंचीवर आडवा पाइप बांधला होता. टॅनर त्याखालून वाकून मुसंडी मारी आणि डोके आपटले की बाप हसे. स्वयंपाकघरात तो फ्रीजला समोरचा गडी मानून पाऊल टाकायचा सराव करी, त्यामुळे माझा फ्रीज भिंतीला टेकलेला असे. खाणे हाही सरावच होता. जेवणावर अंडी, अंड्यांवर दूध, आणि दर सोमवारी शाळेच्या काट्यावर वजन. एवढ्या देहाचा मुलगा एवढा चपळ उठतो हे बघायला लिलावाला आलेली माणसेसुद्धा शुक्रवारच्या सामन्याला थांबत. माझा मुलगा चांगला होता, महोदय. हे आई म्हणून लिहीत नाही. आई म्हणूनही लिहिते.

३. आता धावेबद्दल. सराव संपल्यावर, अंगावर हेल्मेट आणि सगळे पॅड तसेच ठेवून, मैदानाच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत साऱ्या संघाने पळायचे, परत यायचे, पुन्हा पळायचे. नियम असा की एकजण जरी मागे पडला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. यातून बंधुभाव घडतो असे म्हणतात. वर जे पुढच्या रांगेचे कसब लिहिले त्यातले या धावण्यात काय आहे, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. ज्याचे काम चार पावलांचे त्याला भर उन्हात मैलभर पळवून काय शिकवले, हे मी कोच हॉलिस मॅकार्डल यांना विचारले होते. ते म्हणाले, मन शिकतं. हॉलिस माझ्याच वर्गात होता. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर माझे काम सोपे झाले असते.

४. त्या दिवशी काय झाले ते आपल्या चौकशीत 'मुलगा धाव पूर्ण करून कोसळला' असे एका ओळीत आले आहे. ते खोटे आहे. आर्टूरो झेपेडा हा टॅनरच्या शेजारी, रांगेच्या मधोमध खेळणारा मुलगा. तो काही आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये आला, समोर ठेवलेल्या बशीला हात न लावता बसला आणि त्याने मला सगळे सांगितले. टॅनर धाव संपायच्या आधीच मैदानात बसला होता. "मला होत नाहीये," असे तो स्वच्छ म्हणाला. मग त्याने आर्टूरोकडे बघून विचारले, "बस आली का रे?" बस वगैरे काही नव्हती. त्याला थट्टेची सवय, म्हणून मुले हसली. ऊठ रे मोठ्या, आता एवढीच राहिली, परत पहिल्यापासून पळायला लावतोस काय आम्हाला, असे सगळे म्हणू लागले. आर्टूरोने आणि आणखी एकाने त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला रेघेपलीकडे नेले. त्याचे पाय जमिनीवरून ओढत होते. रेघ ओलांडल्यावर टाळ्या झाल्या, कारण आता कोणाला पुन्हा पळावे लागणार नव्हते.

मग त्याला सावलीत निजवले, कपाळावर ओला टॉवेल ठेवला आणि शेजारच्या गावाहून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सची वाट पाहिली. पूर्वी लष्कराच्या छावणीत असलेल्या, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितले, "तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात बुडवला असता तर बहुतेक वाचला असता. आधी गार करायचं, मग हलवायचं." मुलांवर माझा राग नाही. आर्टूरो अजून रविवारी आमच्याकडे जेवतो. त्याला वाटते मी त्याला माफ केले, आणि मला वाटते त्याला कळत नाही की माफ करण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हतेच. त्याने मित्राला उचलले, एवढेच केले.

५. गावाने आमच्यासाठी जे केले त्याला तोड नाही हे येथे नमूद करते. बटाट्या-चीजच्या परातींनी आमचा फ्रीज आठवडे भरलेला होता. चर्चमध्ये नाव घेतले जाई. आमच्या शेतातला मका कोणी कापून नेला आणि बाजारात पोचवला हे अजून कळलेले नाही. पुढच्या ऑगस्टात संघाने त्याच धावेला टॅनरचे नाव दिले, आणि फाटकावर पितळी पाटी लावली : 'टॅनर प्रूइट. त्याने रेघ ओलांडली.' मी त्या समारंभाला गेले होते व रडून आभारही मानले होते. दुसऱ्या वर्षी त्यात भर पडली. शेवटच्या फेरीत एक मुलगा मैदानात बसतो, दोघे त्याला काखेतून धरून रेघेपलीकडे नेतात आणि माणसे उभी राहून टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी बसणाऱ्या मुलाने, "बस आली का?" असेही विचारले. ते कोणी शिकवले मला माहीत नाही. माझ्या मागे बसलेल्या बायका हुंदके देत होत्या. महोदय, मी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून लोकांना वाटले, अजून सावरलेली नाही बिचारी.

६. पहिल्या अर्जाबाबत. मी गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा मोठा हौद स्वखर्चाने शाळेला दिला होता. सरावाच्या वेळी त्यात बर्फाचे पाणी भरून मैदानाच्या कडेला ठेवावा, एवढीच विनंती होती. आपले आभारपत्र आले. हौद मुख्य फाटकाशी पाटीखाली ठेवला आहे, त्यात माती भरली आहे आणि संघाच्या रंगांची म्हणजे लाल-पांढरी फुले लावली आहेत. फुलांना पाणी वेळेवर घातले जाते, मी पाहिले आहे.

७. दुसऱ्या अर्जात मी धावेच्या मधे मुलांना पाणी द्यावे असे लिहिले होते. आपण आभार मानून कळवलेत की धावेपूर्वी व धावेनंतर पाणी मुबलक उपलब्ध आहे, मात्र मधे थांबणे स्मृती धावेच्या गांभीर्यास शोभणार नाही असे संघाचे मत पडले. उंटावरून शेळ्या हाकणे कशाला म्हणतात ते त्या दिवशी मला कळले. आपल्या खोलीत खिडकीला गार हवेचे यंत्र आहे. दुपारी तीन वाजता कधी त्या मैदानावर हेल्मेट घालून नुसते उभे राहून पाहावे, पळू नये.

८. आता मूळ विषय. वेस यंदा संघात गेला आहे. तो हाडाने बारीक, चेंडू झेलणाऱ्यांतला. भावाची जागा घ्यायची म्हणून वर्षभर त्याने जबरदस्तीने खाऊन वजन वाढवले आहे आणि ते त्याच्या अंगाला सोसत नाही, जिना चढला तरी तोंड लाल होते. परवा हॉलिस घरी आला. टॅनरची संघातली जर्सी घडी घालून आणली होती. यंदा शेवटच्या फेरीत बसायचा मान वेसला द्यायचे ठरले आहे म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्याही डोळ्यांत पाणी आले. डेलने त्याला मिठी मारली. मी कॉफी केली.

कृपया हे नीट वाचावे, बाकीचे नाही वाचले तरी चालेल. जिथे मुलगा मैदानात बसणे हा मान आहे, जिथे तो भलतेच काहीतरी बोलला की ते ठरलेले आहे, जिथे त्याला ओढत नेताना लोक टाळ्या वाजवतात, तिथे एखादा मुलगा खरोखरच बसला तर कोणाला कळणार? वेस सोमवारी भर उन्हात त्या वजनानिशी सगळ्या फेऱ्या पळून शेवटी बसेल. तो सोंग म्हणून बसला की त्याला होत नव्हते म्हणून बसला, हे सांगू शकेल असा एक माणूस मला त्या मैदानावर दाखवा. टॅनरच्या वेळी निदान कोणाला माहीत नव्हते.

९. मी वेसला जाऊ नकोस म्हणाले. तो म्हणाला, "आई, मी बसलो नाही तर दुसरा कुणीतरी बसेल. टॅनर माझा भाऊ होता ना?" यावर त्याच्या थोबाडीत मारावी की त्याला जवळ घ्यावे ते कळेना. दोन्ही केले नाही. संमतिपत्रावर आई किंवा वडील यांपैकी एकाची सही पुरते, व ती डेलने केली आहे. डेल स्वत: याच संघात याच रांगेत खेळला, त्याचा बापही. मी त्याच्याशी भांडले तेव्हा तो चढ्या आवाजात बोलला नाही. म्हणाला, "नोरीन, त्याचं नाव तेवढं उरलंय. तेही काढून घेतेस?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाविरुद्ध दाद मागायची? गावात ज्याच्याकडे जावे तो मला प्रेमाने बसवतो, पाणी देतो आणि टॅनर किती धीराचा होता ते सांगतो. तो धीराचा नव्हता, महोदय. तो शहाणा होता. होत नाही हे त्याला कळले आणि त्याने तसे सांगितले. माझ्या मुलाने आयुष्यात केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट गावाने पाटीवरून पुसून टाकली, आणि आता त्याच्या भावाला ती करायला तोंड उरलेले नाही.

१०. सबब विनंती की,

स्मृती धाव बंद करावी.

ते जमत नसल्यास तिच्यावरून माझ्या मुलाचे नाव काढावे व दुसऱ्या कोणाचे द्यावे. आपले दिले तरी हरकत नाही.

तेही जमत नसल्यास हौदातली फुले उपटून त्यात बर्फ भरावा. बर्फ मी कॅन्टीनमधून आणीन, फुलेही मी उपटीन, शाळेने फक्त हौद फाटकापासून मैदानापर्यंत ओढू द्यावा.

तेही गांभीर्यास शोभत नसल्यास मला रेघेशी उभे राहण्याची लेखी परवानगी मिळावी. मी कोणाला अडवणार नाही, ओरडणार नाही, रडणार नाही. जो मुलगा बसेल त्याच्याजवळ जाऊन त्याच्या आईचे नाव काय एवढेच विचारीन. ज्याला सांगता येईल त्याचे सोंग समजून त्याला उचलून न्या.

निर्णय सोमवारी दुपारच्या आत कळवावा. पोस्टाने पाठवणार असल्यास ते पत्र सोमवारनंतर मिळेल. अशा वेळी ते माझ्या कोणत्या मुलासंबंधी आहे, हे कृपया पाकिटावर लिहावे. एकदम उघडायचे धाडस मला होणार नाही.

आपली,
(मागील दोन अर्जांत येथे 'नम्र' लिहिले होते)

सही/-
नोरीन प्रूइट
टॅनर व वेस यांची आई
टेन्सली, दि. २ ऑगस्ट १९९६, शुक्रवार