रात्रपाळीत वाढणारी पोर

चिंचवड, १९८१

आदरणीय खातूनबी आपा यांस,

धाकट्या भावाचा, इकबालचा, अदबीने सलाम. राजगुरुनगरला सगळे खुशाल असतील आणि दुल्हाभाईंचा खोकला थांबला असेल, अशी उमेद आहे. (तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगतो: नजमुन्निसा वाढते आहे.)

पोर आठ वर्षांची होऊन पाचाची दिसते म्हणून तुम्ही ताईत दिलात, शेजारच्या छबूबाईंनी खारीक-दूध सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र खरं कारण काढलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीचं हार्मोन रक्तात सोडते, आणि आमच्या नजमाची ग्रंथी ते पुरेसं सोडतच नाही. अक्कल शाबूत (वर्गात पहिली आहे, हे पुन्हा सांगतो), खाण्यात कसूर नाही, तिच्या आईचा, रहमतचाही काही दोष नाही. तेच हार्मोन सुईने द्यायचं. पण ते परदेशातून येतं, तेही थोडंसं. वर्षात पोर वाढली नाही, तर दुसऱ्या मुलाला जाणार. आपा, सुया सुरू झाल्या आणि मी दिवस मोजायला लागलो.

मी कंपनीत इन्स्पेक्शनला, केसाएवढ्या फरकावर माल परत पाठवणारा. म्हटलं, मापाचं काम घरचंच. रात्रपाळी करून सकाळी आलो, पोरीला अंथरुणातून उठवून चौकटीशी उभी केली आणि डोक्याशी रेघ मारली. पुढल्या खेपेच्या रात्रपाळीत सकाळी पाहतो तर रेघेच्या वर! आळीभर पेढे वाटले. मग दिवसपाळी लागली. संध्याकाळी मापलं तर पोर रेघेच्या खाली. रात्रपाळीत वाढायची, दिवसपाळीत आखूड व्हायची. चौकट खचली म्हणून घरमालक उद्धवरावांशी भांडलो, वेणी घट्ट घातली म्हणून रहमतवर चिडलो. (दोघंही अजून माझ्याशी बोलत नाहीत.) शेवटी साहेबांकडे कायमची रात्रपाळी मागितली. कारण ऐकून त्यांनी मला चहा पाजला आणि रजा दिली.

त्या रजेत पोरीला घेऊन पुण्याला गेलो, तर डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, "इकबालभाई, दिवसभर उभं राहून संध्याकाळी माणूस जरासा आखूड होतोच. तुम्हीसुद्धा होता." (मी मापून पाहिलं, खरं आहे.) मग त्यांनी आपल्या पट्टीवर, दर वेळच्याच सकाळच्या वेळेला मापलं, आणि औषध चालू ठेवलं. आपा, मी तिथंच रडलो. नजमा म्हणाली, "अब्बा, लोक बघायलेत, गप बसा की." केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तुमचा,
इकबाल

ता.क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच: यंदा ईदेचा फ्रॉक जुन्या मापाने शिवू नका. इतक्या ईदा तेच माप चाललं, आता गुडघे उघडे पडतात.

आणखी ता.क. रहमत शेवटी बोलली. म्हणते, हे फुगवून सांगतात, दोन बोटं वाढवलीत तरी पुष्कळ. तिचं ऐकू नका, चार वाढवा. दोन आत दुमडून ठेवू. पुढल्या ईदेला उसवायची आहेत.