पेटी आली, तू नाही आलास

धुळे
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय अभिमन,

तुझी लोखंडी पेटी, वळकटी आणि पुस्तकांचं पोतं काल स्टेशनवर आलं. रेल्वेचं भाडं सव्वीस रुपये, हातगाडीचे तीन. हातगाडीवाला झिपरू ओट्यावर सामान उतरवत म्हणाला, "माय, पेटी उनी, पोऱ्या कोठे शे?" मी म्हटलं, मागून येतोय. टपालाने आलेल्या पाकिटात नुसती रेल्वेची पावती होती. चिठ्ठी नाही. पावतीवरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

पेटीत कपडे घडी घालून ठेवलेले, आणि तुझं मनगटी घड्याळ. घड्याळ कोण पाठवून देतं रे? तुझ्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते म्हणतात, सुट्टी लागली असेल.

तू दोन विषयांत नापास झालास, बोलायला लागलास की मुलं आपल्या बोलीला हसतात, म्हणून जळगावच्या कॉलेजात नाव घालतो, असं लिहिलं होतंस. मी उत्तर दिलं, आताच्याच मोठ्या कॉलेजचा शिक्का घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. तेही उघड्या कार्डावर, पाकिटाचे पैसे वाचवायला. ते कार्ड पेटीतच सापडलं. माझ्या सहीखाली कुणीतरी पेन्सिलीने 'मातोश्रींचा हुकूम' असं लिहून दात काढणारं तोंड काढलंय. म्हणजे तुझ्या आधी ते सगळ्या हॉस्टेलने वाचलं.

दिवाळीत मावशीचा वना आला होता. तो जळगावला डिप्लोमा करून पाइपच्या कारखान्यात लागलाय. फराळाची बशी देतानाही मी तुझ्याच कॉलेजचं कौतुक सांगत होते. तो हसून म्हणाला, "मावशी, मशीन बंद पडलं की ते मला कॉलेजचं नाव नाही विचारत." तेव्हा राग आला. मोठ्या कॉलेजातून आलेला पोरसवदा साहेब कचेरीत शिरला, की तुझे बाबा या वयात खुर्ची सोडून उभे राहतात. तू बसलेला असावास आणि समोरचे उभे, एवढाच माझा हट्ट होता.

आज एकवीरामातेपुढे तासभर बसले. तुझ्यासाठी नेहमी नंबर मागायचे, नोकरी मागायचे. आज तोंडातून एकच निघालं, माझं लेकरू जिवंत असू दे. कार्डावरचे ते शब्द मी परत घेते, अभिमन. जळगावला शीक, धुळ्यात शीक, नाहीतर शिकू नकोस, पण ये. दुसरा पत्ता माहीत नाही म्हणून हे पत्र हॉस्टेलवरच टाकतेय. कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवेल. जिथे असशील तिथून उलट टपाली एक ओळ पाठव. मला शिव्या लिहिल्यास तरी मी त्या देव्हाऱ्यात ठेवीन.

तुझीच,
आई