धाकटीच्या गच्चीवरचं ऊन

४ मार्च
धाकटीच्या गच्चीवर सोलर बसलं! धाकटी म्हणजे माझी जाऊ, शेजारच्याच घरात राहते. "वहिनी, नव्या कायद्यानं निम्मा खर्च सरकार देतं. तुम्हीपण बसवा ना!" गोड बोलली. माझ्या छपरावर दिवसभर तुतीची सावली पडते, ते तिला दिसत नाही होय?

सकाळी भावोजी शिडीवर चढून काचा पुसत होते, ही खाली शिडी धरून उभी. हेवा वाटला. सोलरसाठी नाही – शिडीसाठी. धरायला वर कुणीतरी असावं लागतं!

९ मार्च
वाचनालयात बसून अख्खा कायदा वाचला. अडलं तिथे शब्दकोश. एका कलमात उन्हाला मदत, पुढच्यात सावलीला अभय – मोठं झाड तोडायचं तर आधी खोडावर नोटीस लावायची, हरकती मागवायच्या. सरकारलाही दोन सुना सांभाळायच्या असाव्यात.

१० मार्च
सोलरवाला छपरावर चढून आला. "काकू, ऊन भरपूर आहे. तेवढं झाड मध्ये येतंय."
ह्यांनी लावलेलं झाड. ह्यांच्यामागे त्याला पाणी मीच घातलं.
"काढू या," मी म्हणाले. माझंच मला खरं वाटेना.

१६ मार्च
नोटीस लागली. धाकटी कुंपणापाशी थांबून दोनदा वाचून गेली. जळू दे थोडी.

२१ मार्च
एकच हरकत आली – शेजारच्या घरातून! वाटलंच होतं. माझं काही बरं झालेलं तिला बघवतच नाही.

२८ मार्च
सुनावणी. हरकत धाकटीची नव्हतीच. भावोजींची!
साहेबांनी कारण विचारलं. भावोजी उठले. "दादानं लावलंय ते. खड्डा मी खणला होता." मग म्हणाले, "त्याचं माझ्याकडे दुसरं काही नाही, साहेब. खिडकीतून झाड दिसतं, तेवढंच."
मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच. हे गेल्याचं दुःख तरी माझं एकटीचं होतं – त्यातही वाटेकरी!
झाड माझ्या आवारातलं, कारणही कायद्यात बसणारं. परवानगी मिळाली.

२ एप्रिल
करवतवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. "बाई, खेप फुकट गेली की!" गेली तर गेली. माझं सोलरही गेलं त्याबरोबर.
मग कुंपणावरून भावोजींना हाक मारली. म्हटलं, "या, खड्डा कसा खणलात ते सांगा." ह्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. खाली कातळ लागला, पहार वाकली, दोघे भाऊ एकमेकांवर ओरडले, मग हसत चिखलातच बसले म्हणे. इतक्या वर्षांनी ह्यांच्याबद्दल काही नवीन कळलं! मी चक्क हसले.

५ एप्रिल
भावोजी आजही आले. सावलीत दोन खुर्च्या टाकल्या. गच्चीवरून धाकटी बघत होती. ती नजर मला तोंडपाठ आहे.
तिसरी खुर्ची घरात होती. काढली नाही.