मागचं दार

तीर्थरूप तात्या,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर बोलताना आई तुमच्या शेजारीच असते, म्हणून पत्र.

आपल्या गावात, बेंबळीत, लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते शेजारच्या शंभूनं कळवलं. तात्या, इथं कॅनडात गांजाची दुकानं सरकारी परवान्यानं चालतात. मी गांजा विकत न्हाय. चोरी होऊ नये म्हणून दारं, कॅमेरे, तिजोरी कुठं असावी, याचा नकाशा आमची कंपनी करते, तो मी काढते.

गेल्या महिन्यात एका सोमवारी भरदुपारी एका दुकानात दोघं चोर शिरले. गल्ल्यावरच्या मार्थाबाईंना निसटायला वाटच नव्हती. ढकलाढकलीत त्यांचा हात मोडला. त्या दुकानाच्या माझ्या पहिल्या नकाशात त्यांच्या पाठीमागं दार होतं. मालक म्हणाला, "जागा लई अडते," अन् मी ते खोडलं.

चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांना मालकानं सांगितलं, "दार कुणी सुचवलंच नव्हतं."

मी म्हणाले, "मी सुचवलं होतं. खोडलंही मीच."

तेव्हापासून कंपनीनं मला घरी बसवलंय. साहेबांनी दार होईपर्यंत दुकान बंद ठेवायला लावलं.

दवाखान्यात जाऊन बाईंनाही खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला परत तिथंच उभं राहायचंय. दार झालं की ते नीट आहे का, तू स्वतः बघून ये."

दार झालं, म्हणून काल गेले होते. दोनदा उघडून, बाहेर पडून पाहिलं.

नोकरी राहील का, ठाऊक न्हाय. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नका.

तुमची लेक,
राजनंदिनी